चलो, खोलून पाहू

आमच्या समोरच्या घरचे भैया, कोणतीही वस्तू बिघडली की म्हणतात, "चलो, खोलून पाहू." माझा मिक्सर त्यांनी असाच खोलला होता. तो अजून खोललेलाच आहे. त्याच्या भांड्यात मी लसूण ठेवते.

मागे त्यांच्या जुन्या गाडीच्या इंजिनातून तेल गळायला लागलं. त्यांची बायको त्याच गाडीनं मझौलीच्या शाळेत शिकवायला जाते, ती बिचारी बसनं जाऊन राहिली. अन् भैया रोज सकाळी गाडीखालचा पुठ्ठा काढून त्यावरचे डाग पाहत, जशी कोणी पत्रिका पाहावी.

मी फाटकातूनच विचारलं, "काहून भैया, खोलत नाही?"

"पाहून राहिलो ना, काकू. वरच्या झाकणाचं रबर गेलं असेल तर माझं काम. मागून गळत असेल तर पूर्ण इंजिन उतरवावं लागते."

रविवारी त्यांनी इंजिन पुसून काढलं, गाडी चालू ठेवली अन् टॉर्च घेऊन वाकले. तेल वरूनच येत होतं. नवं रबर आणलेलं होतं, पाने मांडलेले होते. मी खुर्ची ओढून बसले.

भैयांनी बराच वेळ इंजिनकडे पाहिलं. मग पाने गोळा केले अन् मेकॅनिकला फोन लावला.

"अच्छा! हे तर तुमचं काम होतं ना?"

"काकू, यात ही बसते ना."

मी खुर्ची उचलली. माझ्या मिक्सरमध्ये कोणी बसत नव्हतं.