सोमवारच्या गाडीसाठी उभे राहिलेले अण्णा

गौरव समितीची माणसं घरी आली तेव्हा मी म्हटलं, माझी शाळा चौथीतच सुटली, मला लेख लिहायला लावू नका. ते म्हणाले, अण्णांनीच तुमचं नाव सांगितलंय. मग नाय म्हणता येईना. माजी आमदार विश्वनाथराव, म्हणजे आम्हा सगळ्यांचे अण्णा, यंदा पंच्याहत्तर वर्षांचे झाले.

त्यांची माझी पहिली भेट सोयगावात, त्यांच्या घराच्या ओट्यावर झाली, ती भांडणानंच. आमच्या गावाची एस.टी. बंद पडली होती. माझी सुनंदा आठवीत, शाळा सोयगावात, मधे डोंगराचा रस्ता. तेवढ्यात दीरांनी स्थळ आणलं. पोरगी घरीच बसणार तर उजवून टाकू, म्हणाले. आमचे मालकही गप्प. म्हणून मी एकलीच अण्णांकडं गेले.

सभागृहात तातडीचा विषय मांडतात त्याला लक्षवेधी म्हणतात. मंत्र्यांना तिथं उत्तर द्यावंच लागतं. ते काय सांगून निसटतील हे आधी कळावं म्हणून अण्णांची एक पद्धत होती. गाऱ्हाणं घेऊन आलेल्या माणसाला ते समोर उभं करत अन् स्वतः मंत्री होऊन उत्तर देत. मला हे कुठं ठाऊक? माझं सगळं सांगून झालं तसे अण्णा खुर्चीत रेलून म्हणाले, "सदर गाडी नियमित चालू आहे."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "चालू आहे ना? मग या उद्या फाट्यावर अन् माझ्या पोरीबरोबर उभे ऱ्हावा. गाडी आली तर मी उद्याच तिचं लगीन लावते."

ओट्यावरची माणसं चपापली. अण्णा हसले अन् आत आवाज दिला, "अहो, चहा टाका. या बाईंनी आज मंत्र्याला पाडलं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. एका गावची गाडी म्हटलं तर कुणी ऐकायचं नाय. गाड्या बंद झाल्यानं राज्यातल्या गावोगावच्या पोरी घरी बसल्यात, असा विषय न्यायचा. त्यासाठी ते देवगाव रंगारीपर्यंत खेडी फिरले, आयांशी बोलले. आमच्या घरी येऊन दीरांनाही अधिवेशन होईस्तोवर थांबायला लावलं.

नागपूरच्या अधिवेशनाला त्यांनी मला नेलं. थंडी लई होती. अण्णांच्या मंडळी, आमच्या वहिनी, बरोबर होत्या. त्यांनी स्वतःची शाल माझ्या अंगावर घातली, ती परत घेतलीच नाय. वर प्रेक्षकांच्या गॅलरीत शिपाई मला दटावत होता, बाई, वाकू नका. खाली मंत्री उठले अन् ओट्यावर अण्णा बोलले होते तेच बोलले, गाड्या नियमित चालू आहेत. अण्णांनी माझं लगनाचं तेवढं गाळलं. म्हणाले, "अध्यक्ष महोदय, मंत्र्यांनी माझ्याबरोबर फाट्यावर यावं अन् त्या पोरींशेजारी उभं राहावं."

मंत्री म्हणाले, चौकशी करू. बाकं वाजली, पुढचा विषय पुकारला. सरकार अण्णांच्याच पक्षाचं. शेजारचे आमदार त्यांचा सदरा ओढत होते, बसा आता म्हणून. अण्णा बसले नाहीत.

"चौकशी सावकाश करा. पोरींची शाळा सोमवारी भरते. सोमवारी गाडी येणार का, तेवढं सांगा."

मंत्र्यांना व्हय म्हणावं लागलं.

सोमवारी गाडी आली. सुनंदा खिडकीत बसली, माझ्याकडं बघायचंसुद्धा विसरली. दीर लई दिवस बोलले नाहीत, बरंच झालं.

पुढच्या निवडणुकीत अण्णांना तिकीट मिळालं नाही. मी तणतणत गेले, त्या गाडीपायीच झालं ना हे? ते म्हणाले, "पोरी बसतात ना गाडीत? मग चहा घ्या." पुन्हा तो विषय त्यांनी काढू दिला नाही. आता सभागृह टीव्हीवर दिसतं. मी लावते, कोण कुणासाठी उभं राहतंय ते बघते अन् बंद करते. मग अण्णांची लई आठवण येते.

सुनंदा आज हर्सूलला शाळेत शिकवते. मीही तिच्याजवळच राहते. लिहून झालं तशी म्हणाली, आई, शेवटी 'अण्णा, शतायुषी व्हा' असं लिही. शंभराचं मला काय कळतंय? अण्णा, सुनंदाची लेक पुढच्या साली पाचवीत जाईल, ते बघा. मग दहावीला जाईल, ते बघा. मग कॉलेजात. तिच्या पाठीवर धाकटी आहे, तिचंही बघायचंय. गोड कमी खा, गुडघ्याला तेल लावा अन् असं एकेक बघत ऱ्हावा.