खंडेनवमीच्या पूजेतला कॅल्क्युलेटर

ते भांडण सगुणाबाईच्या कानावर पडलं ते गोठ्याच्या भिंतीआडून. दोन हजार तीन सालचा पावसाळा होता. नाशिकजवळच्या मखमलाबादच्या मळ्यात म्हातारी मेथीच्या जुड्या बांधत बसली होती, आणि भिंतीपलीकडे तिचा मुलगा केरू आणि नात मंजुषा एकमेकांवर तुटून पडले होते. केरूचा मेहुणा सकाळी चहा पिता पिता सांगून गेला होता, की तुमची पोरगी सायबर कॅफेत बसते आणि तिथं खुर्ची-खुर्चीला पडदे असतात. चहा पिऊन तो गेला, आग इथे लागली.

"पडद्याआड काय काम असतं पोरीबाळींचं?" केरू म्हणत होता.

"पडदा मालकाने लावलाय, आबा. त्याला जाऊन विचारा."

"मला शिकवू नको. उद्यापासून तिथं पाय ठेवायचा नाय."

"मग इंटरनेट कुठे बघू? विहिरीत?"

सगुणाबाईला हसू आलं, पण मेथीची काडी दातात धरून तिने ते दाबलं. इंटरनेट म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. नात शुद्ध बोलायला लागली की ती खरी चिडली, एवढं मात्र ठाऊक होतं. एरवी ही पोर घरातल्यासारखंच हाय-नाय करायची. राग आला की शहरातल्या बाईसारखी बोलायची आणि मग समोरच्याची धडगत नसायची.

रागीट ती पहिल्यापासूनच. जावळ काढायला आणलेल्या न्हाव्याला चावली होती. शाळेत मुलांना रेडिओ उघडून दाखवत होते आणि मुलींना भरतकाम दिलं होतं, तर ही रुमाल बाईंच्या टेबलावर ठेवून मुलांच्यात जाऊन बसली. पुढे पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, पासही झाली. आता नोकरी हवी होती, आणि नोकऱ्यांच्या जाहिराती, अर्ज, उत्तरं सगळं त्या इंटरनेटवर. केरूने तेवढंच दार बंद केलं.

मंजुषा रडली नाही. रडली असती तर बरं, असं सगुणाबाईला वाटलं. ती अंबडकडच्या भंगार बाजारात गेली आणि पिशवीतून दोन वस्तू घेऊन आली. एक काळा डबा, त्याला मोडेम म्हणायचं. दुसरा एक दांडगा कॅल्क्युलेटर, साबणाच्या दोन वड्या एकापुढे एक ठेवाव्यात एवढा. परदेशातली शाळकरी पोरं त्यावर गणिताचे आलेख काढतात म्हणे.

"आबांनी कॅफेत जायचं नाही सांगितलंय," ती आजीला म्हणाली, "कॅल्क्युलेटर वापरायचा नाही असं नाही सांगितलेलं."

मग महिना-दोन महिने घरात नुसता जळका वास. पोरगी वायरींना कथलाचे डाग देत बसायची, बोटं पोळून घ्यायची, वायर तोडून भिरकावायची आणि पुन्हा तीच वायर शोधत पलंगाखाली शिरायची. जेवायला हाक मारली तर खेकसायची. केरूने ते सगळं पाहिलं आणि तो काही बोलला नाही. त्या घरात न बोलणं हेही एक भांडणच होतं.

तिने काय केलं ते सगुणाबाईने पुन्हा पुन्हा विचारून समजून घेतलं. कॅल्क्युलेटर वायरने मोडेमला जोडायचा, मोडेम घरच्या फोनला. फोन लागायचा पॉलिटेक्निकातल्या कॉम्प्युटरला. तिथल्या तृप्ती मॅडम तो हिच्यासाठी चालू ठेवून जायच्या. हिने मागितलेलं पान तो कॉम्प्युटर जगातून कुठूनही आणायचा, चित्रं बाजूला काढायचा आणि नुसती अक्षरं हिच्याकडे धाडायचा.

पहिल्यांदा जमलं ते एका दुपारी. मोडेम पत्र्यावरून मांजर घसरावं तसा किंचाळला, मग गप्प झाला. कॅल्क्युलेटरच्या हिरवट काचेवर अक्षरं सरकायला लागली. एका ओळीत दोन-तीन शब्द मावायचे. कुंपणाच्या फटीतून वरात बघावी तसं.

"आलं, आजी."

"काय आलं?"

"हवामानाचं पान. नाशिकला ढगाळ म्हणतंय."

सगुणाबाईने दारातून वर बघितलं. "ते मला ओट्यावरूनबी दिसतंय."

मंजुषा इतक्या महिन्यांनी हसली. म्हातारीने त्या डबड्याला मनातल्या मनात दुवा दिला.

त्यावरूनच तिने पुण्याच्या एका कंपनीत अर्ज केला. मुलाखतीला गेली, ती मैत्रिणीच्या लग्नाचं निमित्त सांगून. कंपनीतून एकदा घरी फोन आला, तो उचलला केरूने. आमच्यातल्या पोरी परगावी एकट्या राहत नाहीत, असं सांगून त्याने ठेवून दिला. हे मंजुषाला कळलं तेव्हा ती बापाशी भांडत बसली नाही. तिने कॅल्क्युलेटरवरून कंपनीला लिहिलं, की यापुढे फोन करू नका, मेल करा. उत्तर आलं, निवड झाली तर दसऱ्याच्या आधी कळवू. कळवल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत तुमचा होकार आला नाही तर जागा दुसऱ्याला देऊ. तेव्हापासून तिचा जीव त्या हिरवट काचेत अडकलेला.

दसरा म्हणजे झेंडूवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मंजुषाची आई लताबाई पहाटेपासून फुलबाजारात बसलेली, मंजुषा आणि सगुणाबाई वावरात तोडणीला. मेल बघायचा तो संध्याकाळी घरी गेल्यावर. झेंडू हाताने तोडायचा, म्हणून त्या दिवशी विळे-खुरपी मोकळी असतात, आणि ती मोकळी असतात म्हणूनच पुजली जातात. पूजा केरू एकट्याने करायचा. अवजार आधी स्वच्छ करायचं, मग मांडायचं, आणि एकदा पुजलं की सकाळपर्यंत हात लावायचा नाही.

दोघी घरात आल्या तेव्हा समई लागलेली होती. पाटावर विळा, खुरपी, कोयता, फवारणीचा पंप ओळीने मांडलेले. पंपाच्या शेजारी कॅल्क्युलेटर. केरूने तो ओल्या फडक्याने लख्ख पुसला होता, एकेका बटणावर कालवलेल्या हळदीचं बोट टेकवलं होतं, वर कुंकू, झेंडूचं फूल आणि पळीने पाणी सोडलं होतं. पाणी बटणांच्या फटीतून आत उतरून पाटावर पिवळं ओघळत होतं.

मंजुषाने तो सरळ उचलला. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काच तशीच कोरी.

"पुजेतलं उचलू नये," केरू म्हणाला. पण आवाजात जरब नव्हती. "तुझं अवजार हाय ते. म्हणून मांडलं. पावसाळाभर बघतोय मी, तू त्याच्यावर राबतेस."

सगुणाबाईला वाटलं, आता पोर विरघळणार. कुठली विरघळते?

"बघत होतात ना?" मंजुषा म्हणाली. "मग विचारायचं होतं, हे कशाला बनवलंस. कॅफेत गेले असते तर बनवावंच लागलं नसतं. तुम्ही फोन ठेवून दिलात, दार बंद केलंत, आणि आता हळद लावून मोकळे झालात. मला पूजा नको होती, आबा. माझा मेल हवा होता."

केरूने पळी खाली ठेवली. त्याने आईकडे बघितलं. आईने काही त्याची बाजू घेतली नाही, ती म्हणाली, "माझ्याकडं काय बघतो? पोरीला उत्तर दे."

"आता काय करायचं?" त्याने विचारलं.

"आता कॅफेत जायचं. आणि तुम्ही सोबत यायचं. पडद्याच्या आत बसायचं माझ्या शेजारी आणि डोळे फाडून बघायचं, तिथं काय चालतं ते."

गेला. मळकं धोतर, अंगाला झेंडूचा वास, तसाच एम-एटी गाडीवर पोरीला मागे बसवून गेला. परत आल्यावर त्याने आईला जे सांगितलं ते एवढंच, की पडद्याआड जागा इतकी कमी होती की गुडघे भिंतीला लागत होते, आणि शेजारच्या पडद्याआड एक पोरगा रेल्वेचं वेळापत्रक लिहून घेत होता. मेल सकाळीच येऊन पडला होता. मंजुषाने तिथल्या तिथे उत्तर टंकलं.

"काय लिवलं?" केरूने विचारलं होतं.

"येते म्हणून."

"मला इचारलं नाय."

"नाही विचारलं."

दिवाळीपर्यंत ती बापाशी कामापुरतंच बोलली. सगुणाबाईने दोन-चारदा मध्ये पडून बघितलं आणि मग सोडून दिलं. त्या रागाला कारण होतं, आणि म्हातारीला तो मोडायचा नव्हता. एवढा राग नसता तर पोर अजून परवानगी मागत बसली असती.

दिवाळीनंतर ती पुण्याला रुजू व्हायला निघाली, तिची एसटी दुपारची होती. त्या दिवशीही मंजुषा अंधारातच उठली, शेवंतीच्या पाट्या सायकलच्या कॅरियरला बांधल्या आणि लताबाईसाठी फुलबाजारात घेऊन गेली. एका गिऱ्हाइकाने फुलं दाबून बघितली, तर त्याच्या हातातून पाटी काढून घेतली आणि शिळी वाटतात तर पुढे जा म्हणून सांगितलं. शेवटी त्यानेच ती फुलं विकत घेतली. मग रिकाम्या पाट्या एकात एक घालून ती घरी आली, नळावर धुतल्या आणि गोठ्याच्या भिंतीला उलट्या टेकवून ठेवल्या.