गुळगुळीत डोमकावळा

"अरे, खलास कर ते घासणं! हात काढ!" मस्कतच्या अल् खुवैरमधल्या प्रदर्शनात मॅनेजर असा ओरडला की तिकडे दूर इब्री गावातल्या दुकानदारांनी शटरं ओढली असतील. अलास्कातल्या त्लिंगित आदिवासी जमातीची एक कलाकार आली होती. तिच्या लाकडी डोमकावळ्याच्या मुखवट्यावर ती प्रोजेक्टरने व्हिडिओ सोडणार होती. मी फक्त मुखवटा भिंतीवर चढवायचा होता. पण मी पडलो रत्नागिरीचा सुतार, माझ्यापुढे सागवानसुद्धा लाजतं. मुखवटाभर लाकूड तासायच्या वाकसाचे ओबडधोबड घाव बघून मला राहवेना, पॉलिशपेपर मारून त्याचा पार आरसा केला! "मॅडम, तस्सेच घाव पुन्हा घालून देतो," मी गयावया केली. ती म्हणाली, "ते घाव माझ्या मामाच्या हातचे होते. मामा गेला."