हल्लूचा दिवस

"बोला गं, बोला! आवाज कुठं गेला?" कानामागं तळहात धरून, सायकल रेंगाळत चालवत आमचे पळण्याचे सर आम्हां पळणाऱ्या पोरींच्या मागून ओरडायचे. जगातले सगळे मास्तर बोलणाऱ्या पोरींना बाकावर उभं करतात. आमचे हे गप्प बसणारीला रस्त्याच्या कडेला उभं करायचे.

त्यांचं म्हणणं एवढंच, की पळताना बोलता येईना म्हणजे तुम्ही फाजील जोरात पळताय. आठवड्यात एखाददुसरा दिवस जोराचा, बाकी सगळे 'हल्लू'चे, म्हणजे सावकाश पळायचे. हा शब्द त्यांनी लहानपणी शहरातल्या शहागंज मोहल्ल्यात उचललेला. हल्लूच्या दिवशी लहान्यांनी विद्यापीठाच्या गेटापर्यंत जायचं, मोठ्यांनी लेण्यांच्या पायथ्यापर्यंत. पुढं पाऊल पडलं की सर कडाडायचे, "हाडं ओली हायेत अजून तुमची! वाळू द्या जरा!"

पण रोज बोलायचं तरी काय हो? चुलत्या, माम्या, शेजारणी, सगळ्यांना धुऊन झालं. शेवटी एकजण पाढे म्हणायला लागली. मागून सर म्हणाले, "सतराचा चुकला. परत म्हण." मेलं, त्यापेक्षा जोरात पळणं परवडलं!

मी मावशीकडं राहून शिकत होते. एकदा पाचोडहून माझे वडील, अण्णा, न सांगता आले आणि नेमकं आम्हांला खिदळत येताना त्यांनी पाहिलं. भाजीचा हातगाडा आमच्या पुढं निघून गेला होता.

"हे पळणं व्हय? हळदीकुंकवाला निघाल्यागत चालल्यात! बास झालं. सामान बांध, गावाकडं चल."

 गावी गेले की पळणं कायमचं सुटणार होतं.

सर शांतपणे म्हणाले, "न्या की भाऊ, लेक तुमची हाय. पण उद्याचा हल्लू तिच्यासंगं करा, मग न्या."

सकाळी अण्णा धोतर खोचून उभे. सरांनी त्यांना लहान्यांच्या अंतरात घातलं, त्याचाही राग आलेला. निघाले तरातरा, आणि पहिल्याच वळणावर धापा. मागून सायकलची घंटी. "भाऊ, आवाज नाय! बोला कायतरी!"

अण्णांनी खाऊ की गिळू असं मागं पाहिलं. मग वेग कमी केला, आणि दुसरं काही सुचेना म्हणून मला विचारलं, "मावशी पोटभर वाढती का गं?"

अगं बाई! घरात अण्णांचं बोलणं म्हणजे 'पाणी आण' नि 'दार लाव'. मी जी सुटले! मावशीच्या पाणचट वरणापासून रात्री आईची आठवण येते इथपर्यंत सगळं सांगितलं. गेट कधी आलं कळलंच नाही.

परतल्यावर अण्णा सरांना म्हणाले, "राहू द्या तिला." आणि एसटी पकडायला गेले.

पुढं दर महिन्याला त्यांचं शहरात काहीतरी काम निघायचं. पिशवीत कोथिंबिरीखाली त्यांचे स्वतःचे कॅनव्हासचे बूट असायचे.

मागच्या वर्षी सर गेले. तेराव्याला अण्णा काठी टेकत आले, सरांच्या बायकोपुढं हात जोडून उभे राहिले.

"वहिनी," ते म्हणाले, "माझ्या लेकीची न् माझी ओळख तुमच्या माणसानं करून दिली बघा."

आणि भरल्या घरात लहान पोरासारखे रडले.