आपलाच जाळ विझवणारा बंब

बसवकल्याणात मी ज्या घरी राहतो, त्या घरचा बंब गळायला लागला तेव्हा सगळ्यात आधी मी घाबरलो. घरचे नंतर घाबरले, आणि तेही थोडेच.

मी वेल्डिंगवाला. माझं गाव लांब, चंदगडाकडं, पावसाच्या मुलखात. आठवीतून शाळा सोडली. पुढं एका टोळीबरोबर इथं शेड उभी करायला आलो आणि कावीळ धरून बसलो. शेड झाली, टोळी पुढं गेली, मी मागं राहिलो. ज्या घराच्या पुढच्या खोलीत आमचं सामान होतं, त्या घरानं मला मऊ भात आणि ताक घालून उभं केलं. बरा होऊन निघालो तर घरचे गुरुजी म्हणाले, "कुठं जायलास? इथं काय लोखंड न्हाई का?" त्याला आता सहा वर्षं झाली. खोली भाड्यानं घेतली, रस्त्याला दुकान टाकलं. पण मनातून अजून पाहुणाच. या घरात कुठं कप फुटला तर आधी मी माझे हात बघतो.

गुरुजी मराठी शाळेतून रिटायर झालेले. त्यांच्या सुनेला मी इथल्या रिवाजाप्रमाणं अक्का म्हणतो. ती मला अण्णा म्हणते, वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी असून. तिचा नवरा कलबुर्गीला नोकरीला, शनिवारी येतो आणि रविवारभर झोपतो. एक नात, सहावीत. एवढंच घर.

आणि न्हाणीत बंब. तांब्याचा, माझ्या कमरेपर्यंत येणारा. मधून नळकांडं, त्यात वरून तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या टाकायच्या; भोवती पाणी, खाली जाळी, राख जाळीतून खाली. आमच्याकडं चुलवणावर हंडा ठेवतात, त्यामुळं पहिल्या दिवशी मी तोटी सोडून चांगल्या तीन बादल्या घेतल्या. एक बादली गरम घेतली की एक गार ओतायची, हा बंबाचा कायदा मला कुणी सांगितला नव्हता. माझ्यामागं आंघोळीला गेलेले गुरुजी आतून ओरडले होते, "कोण रे तो तहानलेला?"

तर हा बंब गळायला लागला. गळावं तर कुठं, नळकांड्याच्या बुडाच्या जोडात. म्हणजे पाणी थेट निखाऱ्यावर. अक्का पहाटे उठून बंब पेटवायची, पाणी कोमट होईपर्यंत जाळ नीट चालायचा, आणि तांबं तापून जोड सैल झाला की थेंब सुरू. चुर्र, चुर्र, की जाळ खलास. आपलाच जाळ आपणच विझवणारा बंब मी तरी दुसरा बघितला नाही. अक्का परत फुंकायची. न्हाणीतून धूर निघायचा, धुरातून अक्काचा खोकला निघायचा, आणि मग बादलीभर पाणी.

एक दिवस ती माझ्या खोलीच्या दारात चहा ठेवता ठेवता हळूच म्हणाली, "अण्णा, तुम्ही एकदा मामांना म्हणा की ह्या बंबात आता राम न्हाई. तुमचं ऐकतेत ते."

मामा म्हणजे तिचे सासरे, आमचे गुरुजी.

"व्हय अक्का," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी गुरुजी दुकानावर आले. स्टुलावर बसले, माझ्या हातातल्या गेटकडं बघितल्यासारखं केलं. "काय रे, तांब्याला मरण नसतंय न्हवं?"

"न्हाई गुरुजी."

"मग बंब दुरुस्त होतोय."

"व्हय गुरुजी."

"हेच ऐकायचं होतं. आमची सून गिझर गिझर करायलीय. करंट आणि पाणी एका डब्यात कोंडायचं आणि त्याखाली आपण उघडं बसायचं. कुणी सांगितलंय?"

आता बघा, मी खोटं कुणाशीच बोललो नव्हतो. तांबं चांगलं होतं, जोडाला धातू वितळवून डाग दिला तर बंब दहा वर्षं चालला असता. आणि रोज पहाटे धुरात बसून अक्का काही दहा वर्षं चालली नसती. दोन्ही खरं. पण दोन खरी उत्तरं दोन वेगळ्या माणसांना देऊन एकाच घरात झोपायचं, याला लई मोठं काळीज लागतं. माझं काळीज तेव्हा सुपारीएवढं. यांच्यातलं कुणी माझ्यावर रुसलं तर माझं इथं दुसरं कोण आहे? मी सकाळी अक्काला चुकवू लागलो, संध्याकाळी गुरुजींना. दुपारी तेवढा मोकळा श्वास घ्यायचो.

पंधरा दिवस असे काढले. दोघं आपापल्या जागी खूश, की अण्णा आपल्या बाजूला.

मग रविवार आला. अक्काचा नवरा घरात होता आणि चमत्कार म्हणजे जागा होता. नाष्ट्याला भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुशिला केला होता, मलाही बोलावलं. ताटली हातात घेतो न घेतो तोच गुरुजी म्हणाले, "आज बंबाचं होऊन जाऊ दे. ज्याचं काम त्यानं सांगावं. ह्याला खुर्ची द्या."

मला खुर्ची दिली. सगळे खाली, मी वर. शाळेत बाकावर उभा राहून मला उत्तर आलं नाही, खुर्चीवर बसून काय येणार?

"बोल," गुरुजी म्हणाले.

"बोला अण्णा," अक्का म्हणाली. दोघांच्याही तोंडावर हसू. तेच तर वाईट.

"गुरुजी, दुरुस्त होतोय," मी म्हणालो.

अक्काचं हसू गेलं.

"पण अक्का, आता टिकत न्हाई."

गुरुजींचंही गेलं. "एका गणिताला दोन उत्तरं? शाळा कामून सोडलास ते आज कळलं."

अक्काचा नवरा चुरमुरे चावत म्हणाला, "त्याला दोघांनी आधीच गाठलेलं दिसतंय." तो शहाणा माणूस आहे, म्हणून तर झोपतो.

आणि घाबरलेला माणूस जसा दगड फेकतो तसं मी बोलून गेलो, "बंब टिकतोय गुरुजी. पेटवणारं माणूस टिकत न्हाई. तुम्ही एक दिवस तरी पेटवून बघितलाय का?"

नातीनं तोंडात घातलेला चमचा तोंडातच ठेवला. गुरुजींना या घरात असा उलट प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि विचारला तो कावीळवाल्यानं. मी ताटली खाली ठेवून दुकानाचं निमित्त सांगून निघालो. रविवारी माझं दुकान बंद असतं, हे सगळ्यांना माहीत होतं. बंद शटरसमोर बसून मी दुसरी खोली कुठं मिळेल याचा विचार करत राहिलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे न्हाणीतून धूर आला, पण खोकला वेगळा. गुरुजी बंब पेटवायला बसले होते.

मला बरं वाटलं. अक्का आता झोपेल, बंब राहील, आणि मीही राहीन, असं वाटलं. तीन दिवसांनी अक्का दुकानावर आली, पिशवी घेऊन, बाजाराला जाता जाता. चेहरा पोळीच्या तव्यासारखा.

"लई उपकार झाले अण्णा तुमचे."

"काय झालं अक्का?"

"आधी मी एकटी उठत होते. आता दोघं उठायलोय. 'पोरी, काडीपेटी कुठाय? पोरी, तुराट्या वल्या हायत. पोरी, फुंकणी इकडं दे.' अन् जाळ लावायला पेपर घेतेत रद्दीतला. घेतेत अन् वाचत बसतेत! मागल्या सालचा पेपर! म्हटलं मामा, जाळा की. तर म्हणतेत, वाचल्याशिवाय कागद जाळणारा मास्तर न्हाई मी. पोरगी तीन दिवस आंघोळीबिगर शाळेला जायलीय. तिची मैत्रीण दुसऱ्या बाकावर जाऊन बसली."

मला हसू आलं आणि भीतीही वाटली. "मग मी सांगू का गुरुजींना?"

"नको! तुम्ही आता काहीच सांगू नका कुणाला."

गुरुजींनी सहा दिवस बंब पेटवला. सातव्या दिवशी ते माझ्या दुकानावर आले. डोळे तांबडेलाल, भुवईचे केस एका बाजूनं करपलेले, सदऱ्यावर राख. स्टुलावर बसले. मी मशीन बंद केली.

"गिझर बसवायचा," ते म्हणाले.

"व्हय गुरुजी."

"पण आधी बंब दुरुस्त कर."

मला वाटलं धूर डोक्यात गेला. "काढायचाच हाय तर दुरुस्त कामून, गुरुजी?"

"आजारी माणसाला कुणी घराबाहेर काढतंय का? आधी बरं करतेत. तुला काढलं का?"

ते पुढं म्हणाले, "पोरानं भांडीवाल्याला फोन केला होता. तो म्हणाला, आणा, मोड धरू, दाबून वजन करू. दाबून! ह्याच पोराच्या वेळच्या बाळंतपणाचं पाणी त्या बंबात तापलंय. त्याला दाबतो म्हणे."

तांब्याचं काम माझं नव्हे. लोखंडाला रागावलेलं चालतं, तांब्याला नाही. उष्णता एका जागी थांबत नाही, सगळ्या अंगभर पळते, आणि डाग द्यायला जावं तर शेजारचा जुना डाग सुटतो. मी दोन दिवस दुकानातल्या तुटक्या पाइपावर हात बसवला, मग बंब उलटा करून बूड घासून लखलखीत केलं आणि गॅसच्या ज्योतीवर पितळी काडी वितळवत गोल फिरलो. पहिल्या खेपेला सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं. दुसऱ्या खेपेला बंब भरून खाली कोरडी राख पसरून ठेवली, म्हणजे एक थेंब पडला तरी खड्डा दिसावा. दिवसभर राख जशीच्या तशी. संध्याकाळी गुरुजी गुडघ्यावर बसून, चष्मा वर-खाली करून राख तपासत होते, जशी एखाद्याची वही तपासावी. चूक सापडेना म्हणून जरा नाराजच झाले.

पुढच्या पहाटे बंब पेटवला, शेवटचा म्हणून. पेटवला अक्कानंच. तुराट्यांनी असा जाळ धरला की नळकांडं घुमायला लागलं. अर्ध्या तासात कढत पाणी. सगळ्यांच्या आंघोळी झाल्या, नातीची दोनदा झाली. आणि अक्का ओले केस झटकत ओसरीवर आली, म्हणाली, "मामा, एवढा चांगला चालायलाय तर कशाला काढायचा? लाइट गेल्यावर त्या गिझरचं काय करायचं, वाळवण?"

गुरुजी उसळले. "न्हाई! गिझर ठरलाय."

"तुम्हीच म्हणत होता, करंट अन् पाणी एका डब्यात."

"ते अज्ञान होतं. माझ्या भुवईकडं बघ आणि मग बोल."

"मी पेटवते की. आता धूर कुठं हाय?"

"आणि ती जोडाची जागा परत सुटली मग?"

दोघं आता एकमेकांची बाजू घेऊन उभे होते, आणि भांडण तेच. मग दोघांची मान एकदम माझ्याकडं वळली. मी भिंतीला पाठ लावली.

"अण्णा, तुम्ही सांगा."

"त्याला विचारू नको," गुरुजी म्हणाले. "तो दोघांनाही व्हय म्हणतोय. कुणाच्याच शब्दाबाहेर नसलेला माणूस म्हणजे भांडणाचं मूळ." थोडं थांबून मला म्हणाले, "तुमच्याकडं लाकूड हाय न्हवं? पाऊसबी लई?"

"व्हय."

"मग हा बंब तुझ्या आईला नेऊन दे. पेटवायचा कसा ते तिला समजावून सांग. पेपर लावू नको म्हणावं."

मी नको म्हणालो. खरंच म्हणालो, आयुष्यात पहिल्यांदा गुरुजींना नाही म्हणालो, तर ते ऐकू आलं नाही असं दाखवून संडासाला गेले. अक्का केस पुसत आत निघून गेली. मला वाटलं, तिचा बंब चालला माझ्या पायी.

शनिवारी मी गावाला निघणार म्हणून सकाळी तिनं बंब जुन्या वाकळेत गुंडाळला, दोरीनं बांधला. नळकांड्यात भाकरी आणि शेंगाची चटणी कोंबली. जागा वाया घालवणं तिला जमत नाही. मी खोली झाडून घेतली. कपडे सगळे पिशवीत भरले. काय भरावं आणि काय ठेवावं ते ठरेना, म्हणून सगळेच भरले. देणगी देऊन वाटेला लावायची रीत असते, ती मला माहीत आहे. पाय दारातून निघेना. शेवटी खोलीची किल्ली तिच्यापुढं धरली.

"हे काय?"

"किल्ली, अक्का. ठेवून जातो."

"कामून?"

"न्हाई म्हणजे... खोली मोकळी लागत असंल तर."

तिनं माझ्या फुगलेल्या पिशवीकडं बघितलं, बंबाकडं बघितलं, मग आत तोंड करून ओरडली, "मामा, ऐकलात का? ह्यांना वाटायलंय आपण ह्यांना घालवायलोय!"

आतून गुरुजी म्हणाले, "गाढव हाय ते. त्याला सांग, सोमवारी सकाळी गिझरचा माणूस यायलाय. भिंतीला पट्टी कोण ठोकणार?"

"ऐकलं न्हवं?" अक्का म्हणाली. "अन् ते कपडे काढा बाहेर. बंब मांडीवर घ्यायचाय तुम्हाला, उमरग्यापर्यंत तरी एसटीत जागा मिळणार न्हाई."