तलावाच्या गणितावरची हिरवी शाई

मी आज आमगावच्या कॉलेजात गणित शिकवतो, ते गोंदियाच्या माझ्या मॅडममुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. कॅल्क्युलसचं पुस्तक विकत घेणं जमणारं नव्हतं, म्हणून मॅडम दर शनिवारी स्वतःचं पुस्तक मला द्यायच्या आणि मी सोडवलेली गणितं हिरव्या शाईने तपासायच्या. ती शाई फक्त माझ्यासाठी आहे, असं मी धरून चाललो होतो.

यंदा आमच्या विभागात नवे सर आले. त्यांनी नेटवरचं एक मोफत पुस्तक वर्गाला लावलं. असं पुस्तक कुणीही उतरवून घ्यावं, त्यात बदलही करावेत, अशी परवानगीच असते. सरांनी त्यातली परदेशी उदाहरणं काढून आपल्याकडची घातली. माझ्याच गावची एक विद्यार्थिनी मला म्हणाली, "सर, मोबाईलमंधी पुरं पुस्तक हाये, तं तुमच्या नोट्स कायले लिहाच्या?" वर्ग हसला. मीही हसलो. घरी जेवण गेलं नाही.

मग स्टाफरूममध्ये सरांनी छापून आणलेली पानं पुढे केली. "गोंदियाच्या मॅडमनं तपासून देलं, मी बी त्यायचाच विद्यार्थी. तुमी बी पाहून घ्या ना, सर." पानोपानी हिरवी शाई. एका ठिकाणी चक्क 'छान'. मला पहिलं 'छान' मिळायला दुसरं वर्ष उजाडलं होतं.

त्यात चोरखमाऱ्याच्या तलावाचं गणित होतं: कालव्याला पाणी सोडल्यावर पातळी किती वेगाने उतरते. सरांनी तलाव सरळ भिंतींच्या टाकीसारखा धरला होता. मी त्या तलावाखालच्या गावात वाढलो. तो परातीसारखा पसरट आहे; पाणी कमी होत जातं, तशी पातळी अधिक भराभर उतरते. ही चूक मॅडमच्याही नजरेतून सुटली होती. मला बरं वाटलं. "चांगलं आहे," म्हणून मी पानं परत केली आणि वर्गात कुणीतरी सरांना अडवेल, याची वाट पाहू लागलो.

कुणी अडवलं नाही. त्या वर्गाच्या वह्या माझ्याकडे तपासायला आल्या, तेव्हा सगळ्यांनी तेच चुकीचं उत्तर लिहिलं होतं. माझ्या गावच्या त्या मुलीनेही. मी बसून गणित नव्याने मांडलं, सरांना दिलं आणि मॅडमना पत्र टाकलं:

"आदरणीय मॅडम, सा. न.

तलावाच्या गणितात एक चूक राहिली होती. ती दुरुस्त करून मी सरांना दिली. त्यांनी ती दुरुस्ती त्याच दिवशी पुस्तकात घातली. मला ती चूक आधीच दिसली होती, पण तुम्ही त्यांना 'छान' लिहिलेलं बघवलं नाही. अजूनही बघवत नाही. माझी मांडणी सोबत जोडली आहे. तपासून पाठवा. हिरव्या शाईनेच.

आपला विद्यार्थी"