पोतं असतंय पडून

कुसुम मॅडम गेल्या. खुर्चीत बसून गेल्या.

सकाळचा चहा घेत होत्या. नांदेडहून त्यांच्या लेकीचा फोन आला, तेव्हा मी पहिल्यांदा हेच विचारलं, "बसून?"

"हाव गं, बसूनच."

आणि आम्ही दोघी रडता रडता हसलो.

हे विचित्र वाटत असेल, तर तुम्ही मॅडमच्या हाताखाली नर्सिंग केलेलं नाही.

लातूरला त्या आम्हाला कम्युनिटी हेल्थ शिकवायच्या. मूळच्या उमरीच्या. प्रोफेसर झाल्या, पण बोली सोडली नाही. आम्हा पोरींना आयसीयूचं वेड, आणि ह्या आम्हाला जीपमध्ये कोंबून म्हाताऱ्या माणसांच्या घरी न्यायच्या.

रेणापूरजवळच्या एका खेड्यात सोजरबाईंना लकवा मारला होता. उजवी बाजू गेलेली. दारातच मी सुनेला विचारलं, आजी कशा आहेत?

"पडून हायत."

मीही तसाच रिपोर्ट दिला. "मॅडम, पेशंट पडून आहे."

"पडून?" मॅडम कडाडल्या. "पोतं असतंय पडून. माणूस हाय ते!"

खाटेवरून सोजरबाई बोलल्या. तोंड वाकडं झालेलं, पण शब्द कळले. "बाई, नातीचं लगीन हाय. मला उभ्यानं अक्षता टाकायच्यात."

"कशाला उगं आशा लावता मॅडम?" मुलगा म्हणाला. "ती आता उठत न्हाई."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सुनेला म्हणाल्या, "आजपासून बसल्याबिगर चहा द्यायचा न्हाई. पडून पाजला तर ठसका लागतोय."

चहा म्हणजे सोजरबाईंचा जीव की प्राण!

कुशीवर वळवायचं, पाय खाटेखाली सोडायचे, पाठीला हात द्यायचा. आधी आम्ही केलं, मग सुनेनं, मग मुलगाही गुपचूप हात लावू लागला. सोजरबाई मॅडमना अस्सल शिव्या घालायच्या.

मॅडम खूश. "शिव्या देऊन राहिली! सुधारली की!"

बसणं जमलं, मग धरून उभं राहणं.

लग्नाला आमची अख्खी बॅच हजर. मंगलाष्टकं सुरू झाली आणि सोजरबाई खुर्चीतून उठल्या. एका बाजूला सून, दुसऱ्या बाजूला मुलगा. डाव्या हातानं अक्षता टाकल्या, त्यातल्या निम्म्या माझ्या डोक्यावर. मुलगा सगळ्यांदेखत ढसाढसा रडला.

मॅडम मांडवभर ऐकू जाईल असं ओरडल्या, "आता दे रिपोर्ट!"

"पेशंट उभी आहे, मॅडम!"

आयुष्यात इतक्या जोरात मी कधी ओरडले नाही.

पुढे मॅडम नांदेडला गेल्या, तिथेही त्यांनी बॅचमागून बॅच घडवली. मी अर्धापूरला आहे. माझ्या हाताखालच्या मुली आज घरोघरी जातात आणि "पडून" म्हणायला घाबरतात. मॅडम, जिंकलात!

गेल्या वर्षी मॅडमनाच लकवा झाला. आमच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "मॅडम पडून आहेत."

लगेच त्यांचा व्हॉइस मेसेज. जीभ जड, पण तोरा तोच.

"कोन म्हनलं पडून? चहा पिऊन राहिले. बसून."

आज दुपारी अंगणात त्यांना आडवं ठेवलेलं पाहिलं. ज्या बाईनं दुपारी कधी "जरा पडते" म्हटलं नाही, ती.

नमस्कार केला आणि हळूच म्हटलं,

आता पडा निवांत, मॅडम.

बाकीच्यांना आम्ही उठवतो.